गेरूचा म

खण्ण!

दुपारच्या मुक्या घरात डब्याचं झाकण पडलं. भाकरी थापता थापता रुपालीचा हात थांबला. मेंढरांच्या पाठीवर खूण करायच्या गेरूचा डबा! तिची पाच वर्षांची मायाक्का तो गुपचूप जागेवर ठेवायला गेली होती. पोरीचे हात मनगटापर्यंत लाल.

"काय केलंस गं?"

पोर बोलायच्या आत अंगणात आरोळी उठली. "बजावैनी! भाईर ये आदी!"

भाऊकीतला गुंडा, काखेत कोकरू. कोकराच्या पाठीवर ओली लाल खूण. निळी खूण गुंडाच्या मेंढरांची, लाल रुपालीच्या सासूच्या, बजाबाईच्या. साऱ्या गावाला ठाऊक.

"ल्योक मोटा कळप घिऊन लांब गेला म्हून घरात चोऱ्या सुरू केल्या व्हय? बिरुदेवापुढं चार मानसं बसीवतो!"

"कुनाला चोर म्हंतोस रं?" बाहेर येत बजाबाई कडाडली, आणि मागून आलेल्या नातीचे हात तिला दिसले. मग ती सुनेवर उलटली. "शिकव आनी वढ्यात अक्षरं! आता उद्यापास्नं पोर मेंढरामागं. शाळंचं नाव काडायचं न्हाय!"

रुपालीचीही शाळा चौथीतच मेंढरामागं गेली होती. उरली होती ती अक्षरं ती रोज ओढ्याच्या वाळूत पायानं ओढायची. "म वर उडी मार, मेंढीगत वरड!" मायलेकी हसून लोळायच्या.

"मायू, खरं सांग. कोकरावर काय काडलंस?"

"म."

"का गं?"

"मेंढीचा म. तिच्यापाशी तिचं अक्षर नव्हतं की."

"पढवून ठिवलीय पोर!" गुंडा गुरगुरला. "मला काय वाचाय येतंय व्हय?"

मायाक्कानं तुरकाटीची वाळकी काडी उचलली. त्याच्या पायापुढच्या फुफाट्यात जीभ बाहेर काढून एक अक्षर ओढलं. "ह्यो तुमचा. गुंडाआज्जाचा ग."

गुंडानं पुढं टाकलेला पाय झटकन मागं घेतला. शाळा त्यानं बघितली नव्हती, पण अक्षराला पाय लावू नये एवढं त्याच्या आईनं शिकवलं होतं.

"माजा?" तो वाकला. "येवडाच?"

"आनी हाय थोडा. पर मला अजून येत न्हाय."

गुंडाच्या मिशीत हसू फुटलं. धोतराच्या सोग्यानं त्यानं कोकराची पाठ पुसली. "वैनी, चुकलं माजं. शिकू दे की पोरीला." आणि त्या ग ला लांबून वळसा घालून तो गेला.

पोर रंगातच आली. आजीपुढं बसून तिनं आणखी एक अक्षर ओढलं. "आनी ह्यो तुजा, आज्जे. बजाबाईचा ब."

बजाबाई बघत राहिली. तिचं बोट त्या ब पर्यंत गेलं आणि मागं आलं. मग तिनं दाराआडचा खराटा घेतला. आधी ग गेला. मग ब. धुरळा उठला.

"उद्या तांबडं फुटायला उटीव तिला, मेंढरामागं जायाचंय," सुनेकडं न बघता ती म्हणाली आणि आत गेली.

मायाक्का झाडलेल्या मातीकडं बघत आईच्या पदराला बिलगली.

"आये, आज्जीनं तिचंच अक्षर का गं झाडलं?"