दुखायचं थांबलं

ताई देवापुढे बसली की घरातली भांडीसुद्धा आवाज करायला कचरत. धाकटा भाऊ न्हावी. दुकानाच्या दाराची काच फुटून त्याच्या उजव्या मनगटात घुसली, टाके पडले. डॉक्टर म्हणाले, “पुढच्या आठवड्यात या. आतली नस तुटली असेल तर ऑपरेशन लागेल.”

ते ऐकूनच गड्याची पाचावर धारण बसली. रोज दुसऱ्यांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा हा बहाद्दर, स्वतःवर सुरी म्हटली की सशाहून भित्रा! ताई म्हणाली, “जाऊ नकोस. मी मागते देवाकडे. दुखायचं थांबलं की समज, त्याने ऐकलं.” त्याला तेच हवं होतं.

सकाळ-संध्याकाळ दोघं प्रार्थना करत. हळूहळू ठणका खरंच ओसरला. गल्लीतल्या कंपाउंडरने टाके काढले. अंगठा बधिर वाटत होता, पण इतके दिवस पट्टीत आवळलेला, वाटणारच, अशी त्याने मनाची समजूत घातली.

दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक शेजारचे मास्तर. त्यांच्या गळ्याला फेस लावून त्याने वस्तरा उघडला. ज्या हाताने दाढी करायची त्याच हाताच्या अंगठ्यावर आधी धार बघायची, ही बापाची शिकवण. त्याने वस्तरा डाव्या हातात घेऊन पातं उजव्या अंगठ्याला लावलं. काहीच कळेना. बोथट झाला वाटतं! चामड्यावर घासून पुन्हा लावलं. काही नाही. जरा दाबलं.

मास्तरांच्या पांढऱ्या कापडावर लाल थेंब पडले.

“अरे, कापलंस की काय मला?” मास्तरांनी गळा धरला.

त्याने घाईघाईने फेस पुसून पाहिलं. पण मास्तरांचा गळा शाबूत होता. रक्त त्याच्या अंगठ्यातून येत होतं, आणि अंगठ्याला पत्ताच नव्हता. आज हा वस्तरा गळ्यात रुतला असता तरी आपल्याला कळलं नसतं, या विचारासरशी त्याने वस्तरा मिटून ठेवला.

तो तसाच घरी धावला. ताई जखम बघून म्हणाली, “अगंबाई! दुखतंय का रे?”

“नाही ना, ताई! अजिबात नाही!” तो लहान मुलासारखा रडू लागला.

ताई पांढरीफटक पडली. तिनेच त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि अंगठ्याला सुई टोचली.

“टोचलं?”

“टोचा ना,” तो म्हणाला.

शेजारी ताईने हात जोडले. “देवा,” ती पुटपुटली, “याला दुखू दे रे.”