पायपेटी

रतिलाल बँडमध्ये आला तेव्हा पितांबरने त्याचं मनापासून स्वागत केलं, कारण तोपर्यंत त्याचं वाजवणं ऐकायची वेळ आली नव्हती.

बँड नंदुरबारचा, भिला मास्तरांचा. सात माणसांचा लहानसा कारभार. क्लॅरिनेट मास्तर स्वतः वाजवायचे. पितांबर वर्षभर कापसाच्या जिनात कारकुनी करायचा आणि लग्नसराईत गळ्यात पट्ट्याने पेटी अडकवून वरातीत चालायचा. पंधरा वर्षं त्याच्याखेरीज बँडच्या पेटीला कुणी बोट लावलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता. दुसऱ्या कुणाला ती वाजवताच येत नव्हती, ही बाब तो किरकोळ समजत असे.

रतिलाल तापीकाठच्या गुजरांचा मुलगा. वय पंचवीस, घरी केळी आणि कापूस, पोटाची चिंता नाही. सुरतेला मामाकडे राहून अ‍ॅकॉर्डियन शिकून आलेला. टॉकीजमध्ये एकदा पिक्चर बघितला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं गाणं त्याच्या बोटांत. पितांबरला तेच गाणं वहीत सारेगम लिहून बसवायला आठ दिवस लागत, आणि तोवर पिक्चर गावातून गेलेला असे.

बरं, पोरगा उर्मट म्हणावा तर तसंही नाही. "दादा, तू ती मुरकी लेस ना, ती माले अजून जमत नही," असं सगळ्यांदेखत म्हणायचा. त्याचा स्वभाव वाईट असता तर पितांबरला फार आधार वाटला असता.

अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यात उंदरांनी पेटीचा भाता खाल्ला. दिवाळीनंतर सगळ्यांनी वर्गणी काढली आणि भिला मास्तर म्हणाले, "पितांबर, तू सुरत जा. जे परवडी, जे वरातमा चाली, ते ले. सूर तुलेच कळतस. रतिलालले संगे ले, त्याले बजार माहीत शे."

"आनि जे लेसूत ते वाजाडी कोन?" पितांबरने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ज्याना हातमा बठी तो," मास्तर म्हणाले आणि क्लॅरिनेटची पत्ती जिभेवर ओली करू लागले.

म्हणजे वाद्य निवडायला चाललो आहोत ते नावालाच, हे पितांबरला तिथेच समजलं. पंधरा वर्षांची आपली जागा आपल्याला राहते की जाते, एवढंच सुरतेत ठरायचं होतं.

दुकानात त्यांच्या ऐपतीतल्या तीन वस्तू निघाल्या. पहिली जुनी अ‍ॅकॉर्डियन, शिंपल्यासारखी चमकणारी. रतिलालने ती छातीवर चढवली आणि एक गाणं छेडलं. समोरच्या कापडवाल्याने कात्री खाली ठेवली. दोन बायका दारात थांबल्या. पितांबरने वाद्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "चमकस खूप. उन्हमा नवरदेवना डोया दिपतीन."

दुसरी हातपेटी. आवाज गोल, वजन बेताचं, किंमत वर्गणीच्या आत. खरं तर निवड इथेच संपायला हवी होती. पितांबरने चार सूर वाजवले आणि खूश झाला. मग रतिलाल म्हणाला, "दखू दादा," आणि उभ्या उभ्या एका हाताने भाता हलवत तेच चार सूर त्याने असे वाजवले, की पितांबरला आपण मघाशी काय वाजवलं ते नव्याने कळलं.

"भाता कच्चा शे," पितांबर म्हणाला.

दुकानदार म्हणाला, "भाता जर्मन कापडाचा आहे."

"तेच सांगस मी. जर्मन कापडले आपला खानदेशनं ऊन सोसावनार नही."

तिसरी वस्तू कोपऱ्यात होती. घडी घालून पेटाऱ्यात बसणारी पायपेटी. खाली दोन पायटे, पायांनी भाता चालवायचा, वर दोन्ही हात मोकळे. कुठल्याशा बंद पडलेल्या नाटक मंडळीची होती. रतिलाल हौसेने बसला. हातांनी ताल धरला की पाय विसरायचे, पाय चालू झाले की बोटं अडखळायची. पेटी दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकू लागली. तो हसत उठला. "आपला बसनं काम नही दादा."

पितांबर धुळ्याला ट्रेनिंग कॉलेजात असताना प्रार्थनेला दोन वर्षं पायपेटी वाजवत असे. तो बसला. हात आणि पाय नवराबायकोसारखे एकमेकांशी न बोलता आपापलं काम करू लागले. समोरचा कापडवाला पुन्हा कापड फाडू लागला होता, पण तिकडे पितांबरने बघितलं नाही.

"हाईच," तो म्हणाला. "आवाज मोठा, दोन्ही हात मोकळा. वरातमा अशीच पाहिजे."

"पन दादा, वरात तर चालस. हाई बठीसन वाजाडनी पडस."

"हातगाडी नही का आपलाकडे?"

रतिलालने क्षणभर विचार केला आणि त्याला ते पटलं. पटलेलं पाहून पितांबरला वाईट वाटलं, कारण भांडणाची त्याने तयारी करून ठेवली होती. स्टेशनापर्यंत पेटारा रतिलालनेच खांद्यावर नेला.

घरी पितांबरच्या बायकोने, सुंदरबाईने, पायपेटी सगळ्या बाजूंनी पाहिली. "शिलाईचं मशीन लयनात का?" तिने विचारलं. खुलासा ऐकल्यावर म्हणाली, "म्हनजे लोके नाचतीन, आनि तुम्ही गाडीवर बठशात. आजारी मानूससारखा."

माघातलं पहिलंच लग्न बड्या व्यापाऱ्याकडचं होतं. दुपारी चारला वरात निघाली. हातगाडीवर स्टूल, स्टुलावर पितांबर, पुढ्यात पायपेटी. रतिलालला वाजवायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून तो गाडी ढकलत होता. पितांबरला इतकं सुख बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. मात्र बघावं तेव्हा ओट्यावरच्या बायका गाडी ढकलणाऱ्याकडेच बघत होत्या. काहीही न वाजवता माणूस इतका कसा दिसू शकतो, हे त्याला समजेना.

वाटेत मिरचीच्या पथाऱ्या होत्या. लाल मिरची एकरच्या एकर वाळत पडलेली, आणि त्या दिवशी नेमका वारा सुटलेला. बँडवाल्यांनी सवयीने नाकाला उपरणी बांधली.

"दादा, तोंड बांधी ले," मागून रतिलाल म्हणाला.

पितांबरने बांधलं नाही. आज पहिल्यांदा तो सगळ्यांच्या डोक्याच्या वर बसला होता आणि त्याचा चेहरा सबंध वरातीला दिसत होता. असा चेहरा कोण झाकेल?

पण पायपेटीचा भाता खालून हवा ओढतो आणि वर सोडतो. खालची हवा त्या वाटेवर अर्धीअधिक मिरचीची होती. पहिल्या अंतऱ्याला पितांबर खोकला, दुसऱ्याला शिंकला. मग त्याने बोटांनी डोळे चोळले. पट्ट्यांवर मिरचीची पूड बसली होती, तीच बोटांना होती. त्यानंतर त्याला नंदुरबार दिसेनासं झालं.

वरात तशीच रेटत चौकात आली. इथे थांबून नाचायची रीत. वऱ्हाडी रिंगण करून उभे राहिले. मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून काढून विचारलं, "पितांबर, पेटी का बंद?"

"दखातच नही काही."

"पाय तर चालतस ना?" मास्तर म्हणाले. "पाय चालू दे. रतिलाल, चढ वर."

रतिलाल गाडीवर चढला, बाजूला गुडघे टेकून बसला आणि त्याने पट्ट्यांवर हात ठेवले. पाय नव्हते, म्हणून बोटांना कसलीच अडचण राहिली नाही. टॉकीजला लागलेल्या पिक्चरचं गाणं सुरू झालं आणि चौक ओरडला.

पितांबर डोळे मिटून पायटे हाणत होता. चूल फुंकावी तसं. त्याच्या मनात आलं, मुसळासारखे पाय मारावेत, बेसूर होऊ दे. त्याने जोरात पाय मारले. पेटीचा आवाज एकदम फुगून आला. "वा, काय जोर शे पोरनामा," कुणीतरी म्हणालं.

मग त्याने पाय सैल सोडले. सूर बारीक झाला, विझतो की काय असा. "काय नाजूक हात शे," दुसरा म्हणाला.

तेव्हा पितांबरने पाय थांबवले. साफ थांबवले. पेटी मध्येच गप्प झाली. रतिलालची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. एक श्वास गेला. ढोलाची थाप पडली, आणि सगळा चौक एका आवाजात "क्या बात" म्हणाला. नवरदेवाच्या काकाने रतिलालवर पैसे ओवाळले.

गर्दीच्या त्या गलक्यात रतिलाल पितांबरच्या कानाशी वाकला. "दादा," तो हळूच म्हणाला, "काय जागा लिधी तू. माले सात जनममा सुचती नही."

त्याने थट्टा केली असेल म्हणून पितांबरने जळजळणारा एक डोळा कसाबसा उघडून पाहिलं. थट्टा नव्हती. पोराच्या तोंडावर खरोखरचा आदर होता. एवढ्या गर्दीत पितांबरचं वाजवणं फक्त एका माणसाला ऐकू आलं होतं, आणि तो माणूसही हाच निघावा, हे पितांबरला मिरचीपेक्षा जास्त झोंबलं.

"पुढला अंतरा ले," तो म्हणाला आणि पाय चालवू लागला.