डायलटोन

मोडेमवरचे दोन दिवे लागले, तिसरा लुकलुकून विझला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली: ‘नो डायलटोन’. शालिकरामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. केशवचं पत्र त्यांना आता पाठच झालं होतं. ते आठवायचं नाही असं ठरवलं, की ते पहिल्या शब्दापासून सुरू होई.

‘शाल्या, सोबत माझी वही आहे. छापावी की नाही ते तू सांग. तू पत्र लिहितोस आणि फाडतोस, हे मला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणून माझा जुना मोडेम पाठवतो आहे. दुसरा माझ्याकडे लावलेला आहे. इथला नंबर फिरव आणि टाइप कर. तुझं प्रत्येक अक्षर टाइप होताक्षणी माझ्या पडद्यावर दिसेल. फाडायला तुझ्या हाती कागदच राहणार नाही. अंबिया बहाराची संत्री झाडावरून उतरायच्या आत कळव. नाही कळवलंस, तर वाचण्यासारखं काही नव्हतं असं समजून वही परत मागवीन आणि बंबात घालीन. दुसरी प्रत नाही.’

पत्र ऑगस्टात आलं होतं. काल त्यांच्या पत्नी सिंधूताईंनी सक्करदऱ्याच्या बाजारातून अंबियाची संत्री आणली. शालिकरामांनी एक सोललं, आणि फोडी तशाच बशीत ठेवून दिल्या.

केशव टेलिफोन खात्यातला लाइनमन. निवृत्तीनंतर नरखेडकडे आपल्या बागेत राहायला गेला, पण तारांची सवय काही सुटली नाही. शालिकरामांची उभी हयात एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका त्यांनी काढल्या. स्वतःच्या कादंबरीचं पहिलं पान ते एकतीस वर्षं लिहीत होते.

मोडेम जुना, त्यामुळे त्याची नऊ पिनांची केबल लॅपटॉपला बसत नव्हती. केशवने त्यासाठी यूएसबीचा अडॅप्टरही पाठवला होता. लॅपटॉपने अडॅप्टरला सात नंबरचा पोर्ट दिला, आणि मोडेमचा प्रोग्रॅम चारच्या पुढे बघायला तयार नव्हता. सातचा तीन करायला शालिकरामांना दोन दिवस लागले. मग त्यांनी केशवच्या सूचनेप्रमाणे ‘एटी’ अशी अक्षरं टाइप केली, आणि मोडेमने लगेच ‘ओके’ म्हटलं. त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी ते आणखी पाच वेळा टाइप केलं. आपल्या बोलण्याला इतक्या तत्परतेने होकार मिळाल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

पण नंबर फिरवायला सांगितलं की ‘नो डायलटोन’. त्यांनी वायर बदलली. मोडेमच्या मागची दोन्ही भोकं आलटून पालटून पाहिली. वेग कमी केला. एकदा, कोणी बघत नाही असं पाहून, मोडेमवरून हातही फिरवला. कोपऱ्यातल्या फोनचा रिसीव्हर तेवढा त्यांनी कानाला लावला नाही. उचलावा आणि नेमका पलीकडे केशव असावा, अशी त्यांना भीती होती.

“अजी, दोन ओळी लिहून टाका ना त्याइले,” सिंधूताई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. “वही चांगली हाय म्हना, नाहीतर वाईट हाय म्हना.”

“इतकं सोपं नाही ते.”

“काहून? वाचली नाही का?”

“तीनदा वाचली.”

सिंधूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मेथीची जुडी उलटी केली.

दुपारी शेजारचे रुपराव आले. ते पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे, आणि वीज जिथून जिथून जाते ते सगळं आपल्या अखत्यारीत येतं असं त्यांचं मत होतं. त्यांनी मोडेम उचलून कानाजवळ हलवला.

“काकाजी, हा जिवंत हाय. पन ह्याले बोलाचं नाही हाय.”

“माझंच काहीतरी चुकत असेल.”

“तुमचं काय चुकते? तुम्ही तर त्याले हातबी भीत भीत लावून राहिले.” रुपराव वायरीच्या मागे मागे भिंतीपर्यंत गेले. “ज्यानं पाठवला त्यालेच विचारा ना गा. फोन करा मोबाइलवरून.”

शालिकरामांचा चेहरा असा झाला, की सिंधूताईंनी त्यांच्यासाठी पाणी आणलं.

“पत्र टाकतो,” ते घाईने म्हणाले. “बिघाड काय आहे ते नीट लिहून कळवतो. तो लाइनमन आहे, त्याला समजेल.”

“टाका. मी तवर ही लाइन कुठंकुठं जाते ते पाहतो.”

शालिकराम आतल्या खोलीत जाऊन बसले. मोडेमबद्दल लिहायचं म्हटल्यावर पेन अडेना. पोर्टचा नंबर, वेग, दिव्यांचा क्रम, सगळं त्यांनी एका दमात लिहिलं. ‘एटीला उत्तर येतं. म्हणजे लॅपटॉप, अडॅप्टर आणि मोडेम यांचं आपसात ठीक चाललं आहे. दोष तुझ्या मोडेममध्ये असावा, त्याला फोनची लाइन ऐकूच येत नाही.’ इथपर्यंत आल्यावर त्यांना वाटलं, कागदावर निम्मी जागा उरली आहे. आणि पेन चालूच होतं.

‘वही तीनदा वाचली. पहिल्या दोन वेळा चुका शोधल्या. एकशे बारा निघाल्या. तिसऱ्यांदा वाचताना, खांबावर चढल्यावर गाव लहान दिसत नाही, खाली सोडलेली आपली चप्पल तेवढी लहान दिसते, या वाक्याशी आलो आणि पुढे चुका शोधायचं विसरलो. असं वाक्य मला एकतीस वर्षांत लिहिता आलं नाही. म्हणून उत्तर दिलं नाही. दुसरं कारण नाही. वही बंबात घालू नकोस.’

त्यांनी ते पुन्हा वाचलं नाही. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला आणि चपला घालून निघाले. दाराशी सिंधूताईंनी हाक मारली, तर “मोडेमबद्दल आहे,” एवढंच म्हणाले.

पोस्टाची पेटी तलावाच्या रस्त्यावर, रसवंतीच्या शेजारी होती. शालिकरामांनी पाकीट फटीत अर्धं घातलं असेल नसेल, तोच मागून हॉर्न वाजला.

“काकाजी! थांबा, थांबा!” रुपराव स्कूटर चालू ठेवूनच ओरडत होते. “सापडलं!”

“काय सापडलं?”

“बिमारी! तुमच्या किचनमधी ह्याच लाइनीवर दुसरा फोन हाय ना, भरतकामाच्या रुमालाखाली? त्याचा रिसीव्हर तांदळाच्या डब्यावर. पंधरा दिवसांपासून! मंग कुठून येईन डायलटोन?”

“तो तिथे कोणी ठेवला?”

“काकूनं. म्हने, केशवराव रोज सातले फोन करत, अन् तुमचं आंघोळीचं कारन सांगाव लागे. सात दिवस सांगितलं. आठव्या दिवशी ते म्हनाले, वहिनी, एवढी आंघोळ बरी नाही, डॉक्टरले दाखवा. तवा काकूनं रिसीव्हरच काढून ठेवला. मोडेमचा अन् फोनचा काही संबंध हाय, हे त्याइले मालूमच नव्हतं.”

शालिकरामांनी पाकिटाची कड घट्ट धरली. त्यांचे कान तापले होते.

“आता रिसीव्हर जागेवर ठेवला. मोडेम लावून पाह्यला, असा किंचाळला, काकू देवघरात पळाल्या!” रुपराव हसले. “चला घरी. पत्र राहू द्या. त्यात काय लिहिलं तुम्ही?”

“मोडेममध्ये दोष आहे, असं लिहिलं.”

“म्हंजे चुकीचं लिहिलं ना गा! लाइनमनले असं लिहून पाठवान तं तो जिंदगीभर हसन. आना इकडे. घरी जाऊन दुसरं लिहा.”

शालिकरामांनी पाकिटाकडे पाहिलं. रुपरावांचं म्हणणं खरं होतं. सहावी ओळ साफ चुकली होती. ती दुरुस्त करायची तर पाकीट फोडावं लागणार, पाकीट फोडलं की सातवी ओळ दिसणार, आणि सातवी दिसली की खालच्या सगळ्या ओळी दिसणार. पुढचं त्यांना माहीत होतं. अडतीस वर्षांच्या नोकरीत, चूक ठाऊक असताना त्यांनी एकही पान पुढे जाऊ दिलं नव्हतं.

“काकाजी?”

शालिकरामांनी मान हलवली. होकार की नकार, ते रुपरावांना कळलं नाही. त्यांचा हात मनगटापर्यंत पेटीत गेला, तिथेच थोडा वेळ थांबला, आणि रिकामा बाहेर आला.