चुन्याच्या बाजूच्या गोळ्या

मी एक जुनी डबी आहे, मित्रांनो. ॲल्युमिनियमची, दोन तोंडांची. मोठ्या बाजूला तंबाखू, लहान बाजूला चुना, यासाठी मला घडवलं. १९७८ साली बन्सी जालन्याहून तारापूरला कामाला आला आणि पालघरच्या बाजारात त्याने मला घेतलं. तो औषधांच्या कारखान्यात पिंपं भरायचा. त्याच्या शर्टाच्या खिशात मी सोळा वर्षं हिंडले. "बन्सीची डबी कधी रिकामी नसते," असं कामगार म्हणत. मला अभिमान वाटे.

मग बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं. रक्त नळीत स्थिरावलं की वरचा द्रव पिवळसर दिसायला हवा. बन्सीचा दुधासारखा पांढरा होता.

"ही रक्तातली चरबी. हिला ट्रायग्लिसराइड म्हणतात," बाई म्हणाल्या. "दीडशेच्या आत हवी, तुझी नऊशेच्या वर आहे. अशीच राहिली तर स्वादुपिंडाला सूज येईल. जिवावर बेतेल." त्यांनी एक गोळी लिहून दिली. दोन वेळा, जेवणाआधी अर्धा तास. ताडी आणि दारू बंद. तंबाखूही बंद.

त्याची बायको सुगंधा हिने मला गरम पाण्याने घासून उन्हात वाळवलं. पाकीट खिशात चुरगळतं म्हणून बन्सीने गोळ्या सोडवून माझ्या मोठ्या बाजूत भरल्या आणि पाकिटं केरात टाकली. मला नवं काम मिळालं होतं. त्यात काही चुकतंय, हे मला तेव्हा कळलं नाही.

दीड महिन्याने आकडा पाचशे वीस आला. "उतरतोय. गोळी तीच, तेवढीच," बाई म्हणाल्या. बन्सीला मात्र ते थोडं वाटलं. कारखान्यात त्याने पालघरजवळच्या माहीम गावच्या कमलाकांतला सांगितलं. कमलाकांत त्याच्याच पाळीत होता.

"एवढंच उतरलं?" कमलाकांत हसला. "माजं कोलेस्टेरॉल बग कसं खाली आलं. ही माजी गोळी घे, रोज रात्री एक."

"बाईंना विचारतो."

"इचारायचं काय त्यात? डॉक्टर लिवतात ती औषदं आमी पिंपानं भरतो, नि तू एका गोळीला भितो? तुजी पन चरबीची, माजी पन चरबीची. दोगी मिळून लवकर उतरवतील."

बन्सीही हसला. त्याने माझं लहान झाकण उघडलं आणि चुन्याच्या जागी त्या गोल गोळ्या ठेवल्या.

मित्रांनो, औषध पिंपात भरणाऱ्याला त्याचं वजन कळतं. ते शरीरात जाऊन काय करतं, दुसऱ्या औषधाशी कसं वागतं, हे पिंपावर लिहिलेलं नसतं.

रोज रात्री माझं लहान झाकण उघडू लागलं. पंधराव्या दिवशी बन्सीच्या मांड्या दुखू लागल्या. विसाव्या दिवशी पिंप लोटताना त्याचे हात लटपटले. "थकवा आहे," तो म्हणाला, आणि रात्री पुन्हा माझं झाकण उघडलं. मी जितकी घट्ट बसता येईल तितकी बसले. अंगठ्याने झाकण निघालंच.

तेविसाव्या दिवशी सुगंधाने त्याला मोरीत भिंतीला धरून उभं राहिलेलं पाहिलं.

"अहो, लघवी काळ्या चहासारखी झालीय. कशानं?"

"उन्हानं. पाणी कमी पडतंय."

"तांब्यावर तांब्या पिताय की. चला, रिक्षा आणते."

"परवा तपासणी आहेच ना."

"परवाचं परवा. उठा."

दवाखान्यात बाईंनी बन्सीच्या खिशातून मला काढून माझी दोन्ही झाकणं उघडली.

"मी दिलेली गोळी लांबट आहे. ही गोल कसली?"

"चरबीचीच आहे, बाई."

"नाव?"

नाव बन्सीला ठाऊक नव्हतं; कमलाकांतने दिली, एवढंच त्याने सांगितलं. बाईंनी दोन्ही गोळ्या तिथेच बंद केल्या, रक्त काढलं, सलाईन लावलं आणि कमलाकांतला निरोप धाडला. तो गणवेशातच सायकल दामटत आला. त्याच्या हातात पाकीट होतं. बाईंनी नाव वाचलं.

"या दोन गोळ्या एकत्र घेतल्या की काहींचे स्नायू वितळू लागतात. तो गाळ मूत्रपिंडात अडकतो. आत्ताच्या आत्ता पालघरला न्या."

पालघरच्या इस्पितळात दोन दिवस सुगंधा बन्सीच्या लघवीच्या पिशवीकडे बघत बसली. मी तिच्या मुठीत होते. तिचा घाम मला लागत होता. मूत्रपिंडं बंद पडली तर मुंबईला न्यावं लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कमलाकांत बाकावरून उठेना.

"मीच दिल्या, वैनी."

"तुम्ही दिल्या, यांनी खाल्ल्या. शहाणे दोघंही. आता गप बसा, त्यांना पाणी पाजा."

तिसऱ्या दिवशी पिशवीतला रंग फिका झाला. सुगंधाने तेव्हा कुठे मला बाजूला ठेवलं.

पुढे रक्त पुन्हा तपासून बाईंनी बन्सीला एकच गोळी परत सुरू केली. ती आता आपल्या पाकिटातच असते, नावासकट. मी फळीवर रिकामी आहे. रिकामं राहणं मला जड जातं, पण ते योग्य आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला रोजची गोळी असेल तर ती तिच्या पाकिटातच राहू द्या. दुसऱ्याची गोळी घेऊ देऊ नका. अंग दुखलं किंवा लघवीचा रंग बदलला तर परवाची वाट पाहू नका. आणि डॉक्टरांना सगळं सांगा. त्या दुसऱ्या गोळ्या कुणी दिल्या, कधीपासून चालू होत्या, हे मला तेवीस दिवस ठाऊक होतं. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.