पावडर लावलेलं इंजिन

इंजिनाला पावडर लावतात हे मला या वयात कळलं. तीही तान्ह्या बाळाची. मेकॅनिकने आधी इंजिन धुऊन लख्ख केलं आणि मग डबाच त्याच्यावर उपडा केला. लग्नात माझ्या तोंडालाही एवढी थापली नव्हती.

"आता थोडा वेळ चालू ठेवू," तो म्हणाला. "तेल झिरपेल तिथे पावडर काळी पडेल. चोर तिथेच सापडतो. जमिनीवरच्या ठिपक्यावर जाऊ नका वहिनी, गळतं एकीकडे, टपकतं भलतीकडे."

आमचे हे हाताची घडी घालून उभे. दवाखान्यात आयसीयूच्या दाराबाहेर उभे होते, तसेच.

गाडी जुनी, लाल, दोनच माणसांची. भंगाराच्या भावात आणलेली. ह्यांनी आणि आमच्या लेकाने, भोंग्याने, मिळून तिला उभी केली. लहानपणी रडायला लागला की गल्ली गोळा व्हायची, म्हणून तो भोंग्या. तापाचं निमित्त होऊन तो गेला, आणि गाडी राहिली. दर रविवारी सकाळी हे ती सुरू करतात, चालवत नाहीत. ती घुरघुरते, खिडकीची काच थरथरते, आणि तेवढा वेळ घरात तिघंजण असतात. आम्ही एकमेकांना तसं कधी बोलून दाखवलं नाही.

मेकॅनिकने चावी फिरवली. वरच्या झाकणाच्या कडेने पावडर काळवंडू लागली. त्याने समोरच्या तेलाच्या काट्याकडे पाहिलं आणि घाईघाईने इंजिन बंद केलं.

"तेल वर चढतच नाहीये."

खालची तेलाची टाकी, तिला ते चेंबर म्हणतात, ती उघडून त्याने आतली जाळी आमच्यापुढे धरली. काळ्या रबरी तुकड्यांनी ती गच्च बुजली होती.

"बघा. झाकणाच्या फटीत ही लुकण, गळती बुजवायची रबरी पेस्ट, भरताना एवढी कोंबलीय की जास्तीची आत तुटून पडली. आतलं सगळं कोरडं घासलं गेलंय. इंजिन उतरवावं लागेल. या खर्चात दुसरी गाडी येईल, साहेब. कुठल्या गाढवाने हे काम केलंय?"

"माझ्या मुलाने," हे म्हणाले.

भोंग्या गेल्याचं मेकॅनिकला ठाऊक होतं. तो हातातल्या फडक्याने हातच पुसत राहिला. "तसा हात चांगलाय," तो पुटपुटला. "जरा जास्त लावलं, एवढंच."

पावावर जॅमही भोंग्या असाच लावायचा, कडेने ओघळेपर्यंत.

"खर्चाचं सोडा," हे म्हणाले. "उतरवा इंजिन."

"मग आधी झाकणाची ही लुकण खरवडतो. राहिली तर आणखी तुटणार." मेकॅनिकने पातं उचललं. त्याने फुंकर मारली, सुटी पावडर उडाली, आणि वाळलेल्या लुकणीवर, कोपऱ्यात, एक अंगठा उमटलेला दिसला. रेषांमध्ये पावडर बसलेली. डाव्या अंगाला आडवा कापल्याचा व्रण. भोंग्याला डब्याच्या पत्र्याने कापलं होतं, मीच पट्टी बांधली होती.

ह्यांनी मेकॅनिकचं मनगट धरलं.

"साहेब, हेच तर गळतंय."

"असू दे."

"झाकण काढून तुम्हाला देतो ना घरी न्यायला."

"ते काढताना ही फाटेल का?"

मेकॅनिक खोटं बोलू शकला असता. "फाटेल," तो म्हणाला.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं, अहो, इंजिन वाचवा, आवाज तरी राहील. तोंडून निघालं, "चेंबर लावून द्या परत."

"वहिनी, आता सुरू केलीत तर कायमची जाम होईल."

"नाही करणार," हे म्हणाले.

दोरीला बांधून आणली तिला. सबंध रस्ताभर हे स्टिअरिंग धरून बसले होते, जणू चालवतच होते.

रविवारी सकाळी हे सवयीने खाली गेले. मी खिडकीपाशी काच धरून उभी राहिले. काहीच थरथरलं नाही. खूप वेळाने हे वर आले, गाडीखाली ठेवायचा पुठ्ठा हातात घेऊन.

"कोरडा आहे," हे म्हणाले. "गळत नाही आता."

"बरं झालं," मी म्हणाले, आणि पुठ्ठा कुठे ठेवावा ते दोघांनाही सुचेना.