भरलेली बॅटरी

“अम्मा, उतारावर भरलेली बॅटरी कामाची नाही. जेवून उठलेल्याला कोण वाढतं?” बालाजीराव म्हणाले होते. ते तंजावरचे, तीस वर्षं ट्रकची चाचणी घेणारे. मी हसून म्हटलं, “आधी आपल्या या सपाट ओरगडमला उतार दाखवा, मग बोलू.”

आमचा ट्रक डिझेलवरही चालतो आणि विजेवरही. कधी इंजिनाने ओढायचं, कधी मोटरने, हे माझा प्रोग्राम ठरवतो. गाडी थांबली की इंजिनाने बॅटरी पूर्ण भरायची, हा नियम मीच घातला. सपाट रस्त्यावर तो छान चालला. मग बालाजीराव निवृत्त झाले आणि मी बाळंतपणाच्या रजेवर गेले.

आज दुपारी लेकीला, सहानाला, भरवत होते तेव्हा नवा ड्रायव्हर वेंकट याने पाठवलेला फोटो आला. माल भरलेला ट्रक सेलमजवळच्या येरकाड घाटाच्या माथ्यावर, चहाच्या टपरीपाशी उभा. खाली लिहिलेलं, “अक्का, शंभर टक्के चार्ज. उतरतोय.”

उतारावर मोटर चाकांना आवरते आणि त्यातून झालेली वीज बॅटरीत जाते. बॅटरीत जागाच नसेल तर सगळा भार ब्रेकवर पडतो. ते तापले की धरत नाहीत.

चाळीस मिनिटं झाली. गाडी चालवताना वेंकट फोन बंद ठेवतो. ऑफिसवाले म्हणतात, “विचारून सांगतो.” सहाना रडतेय आणि मी तिला कडेवर घेऊन नुसती फिरतेय.

तुम्ही सेलमकडे असाल तर घाटाच्या पायथ्याशी जाऊन बघाल का? पांढरा ट्रक आहे, दारावर चाचणीची लाल पाटी. वेंकट ठीक आहे का, तेवढं बघा.