कटकटेश्वराचं काळं तीर्थ

धामणवाडीच्या चिंचेखाली त्या सकाळी एवढी गर्दी जमली होती की बैलबाजार भरलाय असं वाटावं. बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या, म्हातारे गुडघे धरून बसलेले, पोरं चिंचेच्या फांद्यांवर. आणि मधोमध, झेंडूचा हार घालून, काचेवर हळदकुंकू फासून उभी होती एक पांढरी गाडी. घरोघर पार्सलं पोचवणारी, विजेवर चालणारी छोटी व्हॅन.

"बोल, कटकटेश्वरा!" हंबीरनाथ महाराज दोन्ही हात वर करून गरजले. "ह्या माउलीच्या म्हशीला रेडी व्हईल का?"

स्टिअरिंगवर महाराजांचा चेला कोंडीबा बसला होता. गाडी आवाज न करता पुढं सरकली, डावीकडं वळली आणि तिच्या चाकातून उत्तर आलं. कट, कट, कट, कट!

"व्हय म्हनला! देव व्हय म्हनला!" गर्दी उसळली. म्हशीच्या मालकिणीनं गाडीच्या बंपरला मिठी मारली.

मी सगळ्यात मागं उभा होतो. मी कोरेगावहून रोज या गावात येऊन दवाखाना चालवतो. मात्र त्या आठवड्यात मी दवाखान्यात माश्या मारत बसलो होतो, कारण गावातले सगळे गुडघे कटकटेश्वराकडे गेले होते.

हा देव गावात कसा उपटला ते सांगतो. 

पायल ही कोरेगावची मुलगी. साताऱ्याला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचं शिकली आणि आता ही व्हॅन चालवते. सोमवारी ती धामणवाडीत पार्सलं घेऊन आली, तर चिंचेखालच्या म्हसोबाच्या वळणावर गाडीतून कट कट आवाज यायला लागला. ती उतरली, वाकून चाकाच्या आत बघायला लागली. चाकाच्या मागच्या बाजूला काळं, चिकट काहीतरी उडालेलं होतं. आपल्याकडं कुणी वाकून बघताना दिसलं की चार माणसं त्याच्या मागं वाकतात, तशी वाकली. आणि त्यांच्या मागून हंबीरराव वाकले.

हे हंबीरराव आधी सांगलीत मांडव आणि भोंगे भाड्यानं द्यायचे. धंदा बसला, तेव्हा त्यांनी भोंगे विकले आणि आवाज स्वतःकडे ठेवला. दाढी वाढवून हंबीरनाथ झाले.

"मागं सरा!" ते एकदम ओरडले. "हिच्यात इंजिन हाय का?"

"नाही," पायल म्हणाली. "मोटर आहे."

"धूर?"

"नाही."

"डिझेल?"

"नाही म्हणतेय ना. बॅटरीवर चालते."

"बॅटरीवर!" महाराज गर्दीकडं वळले. "ऐकलं? आता मला सांगा, बॅटरीत कोन हाय?"

या प्रश्नाचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. खरं म्हणजे प्रश्नालाच अर्थ नव्हता, पण महाराजांनी तो अशा आवाजात विचारला की दोन बायकांनी पदर डोक्यावर घेतला.

"आवाज न करता चालती आन् म्हसोबाच्या वळनावरच बोलती. ह्यो देव हाय गड्यांनो! कट कट बोलतोय, म्हंजी कटकटेश्वर!"

"आवं, कसला देव?" पायल वैतागली. "बूट फाटलाय गाडीचा."

सगळे चाकाकडं बघायला लागले. मग महाराजांनी विचारलं, "गाडीला बूट? मग पायमोजं कुटं हायती?"

सगळं गाव हसत सुटलं आणि त्या हसण्यातच पायल हरली. बरोबर बोलणारा माणूस एकदा हास्यास्पद ठरला की त्याचं पुढं कुणी ऐकत नाही. सरपंच आप्पासो पुढं आले, "पोरी, गावात वाद नगं. अमावस्येपतोर गाडी राहू दे," म्हणाले, तिच्या हातातली चावी घेतली आणि ती महाराजांच्या गळ्यात माळेसारखी अडकवली.

गंमत म्हणजे गाडीत गावकऱ्यांचीच पार्सलं होती. कुणाचं मिक्सरचं भांडं, कुणाचे शाळेचे बूट, आप्पासोंच्या सुनेची पैठणी. एकानंही ती मागितली नाही. देवाच्या पोटातलं मागायचं नसतं, असं महाराजांनी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून देव उत्तरं द्यायला लागला आणि तीर्थही. कोंडीबा शेजारी पोरं बसवून फेऱ्या मारायचा. चाकामागचं ते काळं, चिकट द्रव्य महाराज तांब्याच्या पळीनं खरवडून काढत आणि गुडघ्यांना लावत. "देवाचा सांधा बोलतो, तुमचा सांधा चालतो!" ही त्यांची घोषणा. माझे पेशंट रस्त्यात भेटले की धोतर वर करून काळेकुळकुळीत गुडघे दाखवत. "डॉक्टर, लय हलकं वाटतंय." वाटणारच. अर्धा तास चोळलं तर घरचं खोबरेल तेलही हलकं वाटतं. एकाच्या पायावर गांधी उठल्या, तर महाराज म्हणाले, दुखणं भाईर पडतंय.

इथपर्यंत मी हसत होतो. पण बुधवारी रंगूबाई दवाखान्यात आल्या. सत्तरीच्या, तोंडानं फटकळ, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. त्यांचं ऑपरेशन मी साताऱ्यात ठरवलं होतं.

"डॉक्टर, त्ये रद्द करा. अमावस्येला म्हाराज माज्या डोळ्यात तीर्थ घालनार हायती."

मी खुर्चीतून उठलोच. "आजी, ते वंगण आहे! डोळा जाईल!"

"न्हाई तरी कुटं दिसतंय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "कापाकापीची मला भ्या वाटती, लेकरा."

मी तडक कोरेगावला पायलचं घर गाठलं. ती अंगणात डोकं धरून बसली होती. कंपनीनं सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत गाडी सुरू नाही झाली तर हा मार्ग दुसऱ्याला.

"मला एकदा नीट समजावून सांग," मी म्हणालो. "बूट म्हणजे काय?"

"तुमी डॉक्टर ना? गुडघा माहिताय?" तिनं माझा हात मनगटाशी धरून वळवला. "मोटरपासून चाकापर्यंत दांडा जातो. चाक वळतं, खालीवर होतं, म्हणून दांड्याला टोकाशी सांधा लागतो. सांध्यात पोलादी गोळ्या आणि वंगण. त्यावर रबराची चुण्याचुण्याची पिशवी, तिला म्हणायचं बूट. ती फाटली की वंगण भाईर आणि माती आत. मग वळताना गोळ्या अडखळतात, कट कट करतात. सरळ जाताना गप्प."

"सरळ जाताना गप्प?"

"व्हय."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"म्हणजे देवाचं 'होय' आणि 'नाही' स्टिअरिंगवर आहे," मी म्हणालो.

"आणि स्टिअरिंगवर कोंडीबा!" पायल उठून उभी राहिली. "डॉक्टर, साताऱ्याहून बूट आणि वंगणाची पुडी आणाल? बाकी मी बघते."

अमावस्या गुरुवारी होती. म्हशीचा प्रश्न सुटला, चावी परत महाराजांच्या गळ्यात गेली, तेव्हा मी आणि पायल गर्दीत शिरलो. महाराजांनी पळी भरून घेतली होती आणि रंगूबाई पुढच्या रांगेत पाटावर बसल्या होत्या.

"महाराज," मी हात जोडून म्हणालो, "मलाही देवाला एक प्रश्न विचारायचाय. पण गाडी पायलनं चालवावी."

"बाईच्या हातात देव बोलत न्हाई," महाराज म्हणाले.

"आवं, बोलला की!" रंगूबाई पाटावरून कडाडल्या. "सोमवारी पयल्यांदा तिच्याच हातात बोलला न्हवं? माजं डोळं गेल्याती, कान न्हाईत. द्या चावी पोरीला."

म्हातारीपुढं गावात कुणी बोलत नसे. चावी महाराजांच्या गळ्यातून निघाली. पायल गाडीत बसली.

"बोल, कटकटेश्वरा," मी मोठ्यानं विचारलं, "हे हंबीरनाथ महाराज लबाड आहेत का?"

गाडी सरकली, डावीकडं वळली. कट, कट, कट, कट!

महाराजांच्या हातातली पळी तिरकी झाली.

"देव कोपलाय! ह्या डॉक्टरनं..."

"थांबा, दुसरा प्रश्न," मी म्हणालो. "डॉक्टर गाढव आहे का?"

कट, कट, कट, कट! एकजण फिस्सकन हसला.

"पायल उद्या देशाची पंतप्रधान होणार का?"

कट, कट, कट, कट!

आता पोरं फांद्यांवरून पडायच्या बेतात आली. पायल काच खाली करून म्हणाली, "पटत नसेल तर सरपंच, तुमी बसा. गिअर नाही, क्लच नाही. दाबलं की चालती."

आप्पासो फेटा सावरत गाडीत चढले. निवडणूक जवळ आली होती. त्यांनी घसा साफ केला आणि देवाला अगदी मनापासून विचारलं, "मी फुडच्या येळला निवडून येनार का?"

गाडी सरळ निघाली. आवाज नाही. आप्पासोंचा चेहरा पडला. गाडी आणखी सरळ गेली. तरीही आवाज नाही. मग आप्पासोंनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच स्टिअरिंग पिळलं. कट, कट, कट, कट!

"आप्पा! तुमीच वळवलं!" सगळं गाव एकसुरात ओरडलं.

"वळवलं न्हाई रं, हात घसरला!"

"मग आता उजवीकडं घसरू द्या!" कुणीतरी म्हणालं. आप्पासो वळले, कट कट झालं. सरळ आले, गप्प. पुन्हा वळले, कट कट. पाचव्या फेरीला ते स्वतःच खोखो हसायला लागले. "आयला, ह्यो तर मीच देव झालो की!"

सगळ्यांच्या नजरा कोंडीबाकडं वळल्या. तो बिचारा आधीच घामाघूम झाला होता.

"माजा काय दोष न्हाई," तो भडाभडा बोलला. "म्हाराज समोर उभं राहून डोळा मारायचं. उजवा मारला की वळवायचं, डावा मारला की सरळ. एकदा त्यांच्या डोळ्यात चिलट गेलं, तवा गणपाच्या पोराचं लगीन दोनदा ठरलं आन् तीनदा मोडलं."

"आणि एवढं तीर्थ कुठून आलं?" मी विचारलं. "त्या सांध्यात मूठभर वंगण असतं. तुम्ही अख्ख्या गावाचे गुडघे माखलेत."

"ट्रॅक्टरच्या दुकानातनं डबा आनला. पिवळं व्हतं. काजळी कालवली," कोंडीबानं सांगून टाकलं.

रंगूबाई पाटावरून उठल्या. त्यांनी चाचपडत महाराजांच्या हातातली पळी घेतली. "म्हंजी बाबा डोळा मारनार, आन् माजा डोळा फोडनार व्हय?" असं म्हणत त्यांनी ते काळं तीर्थ महाराजांच्याच दाढीला चोपडलं. "चोळ. हलकं वाटंल."

महाराज म्हणाले, देव गाडी सोडून गेलाय, आता तो एखाद्या ट्रॅक्टरमध्ये प्रकटेल. पण कुणी ट्रॅक्टर पुढं आणला नाही. मी त्यांना जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून दिली, तेव्हा ते दुपारच्या एसटीनं दाढी पुसत सांगलीला गेले. कंडक्टरनं म्हणे त्यांना सीटवर बसू दिलं नाही, कापड खराब होईल म्हणून.

मग खरं काम झालं, आणि ते बघायला गर्दी तशीच थांबली. ट्रॅक्टर गॅरेजमधून जॅक आणि मोठे पाने आले. पायलनं आधी गाडीचा वीजपुरवठा तोडला, "नारिंगी वायर जोराच्या विजेची, तिला कुणी हात लावायचा नाही," असा दम भरला आणि चाक उतरवलं. चाकाचा मधला नट सुटेना, तर आप्पासो पान्यावर उभे राहिले. दांडा बाहेर आला आणि तिनं तो सगळ्यांसमोर धरला. रबराचा बूट मधोमध फाटला होता. तिनं तो कापून काढला, हातोडीनं ठोकून सांधा दांड्यावरून सोडवला आणि रॉकेलमध्ये धुतला. परातीच्या तळाशी माती आणि वाळू बसली.

"ही बघा तुमची कट कट," ती म्हणाली. गोळ्या एकेक करून बोटांत फिरवून तिनं पाहिल्या. "खड्डे पडलेले नाहीत. थोडा झिजलाय, पण चालंल. आठवडाभर अजून नाचवली असती तर सांधाच गेला असता, आणि वळणावर गाडी अडली असती. पोरं बसवून फिरवत होता ना तुमी?"

आयांनी आपापली पोरं जवळ ओढली.

नवा बूट चढला, पुडीतलं काळं वंगण आत गेलं, दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या. सगळं जागच्या जागी बसल्यावर पायलनं गाडी चिंचेला वळसा घालून नेली. डावीकडं. उजवीकडं. आवाज आला नाही. एक म्हातारा नाराज होऊन म्हणाला, "बूट घातल्याबरूबर मुका झाला की गं!"

मग सगळ्यांनी आपापली पार्सलं मागून घेतली. चार दिवस देवाच्या पोटात असलेली पैठणी मिळाल्यावर आप्पासोंच्या सुनेनं सासऱ्यांना काय ऐकवलं, ते इथं लिहिता येणार नाही.

रंगूबाईंना पुढच्या आठवड्यात मी स्वतः साताऱ्याला घेऊन गेलो. भीती त्यांना वाटतच होती, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. एसटीत पुढच्या सीटवर माझ्याशेजारी बसून त्यांनी पूर्ण रस्ताभर माझा हात घट्ट धरला. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आवाजावरनं मला तुमी देखणं वाटला व्हता."

मला तुम्हाला एवढंच सांगायचंय. धामणवाडीची माणसं मूर्ख नाहीत. दुखणारा गुडघा, अंधारलेला डोळा आणि कापाकापीची भीती कुणालाही हात जोडायला लावते, आणि लबाड माणूस नेमका तिथंच पळी घेऊन उभा असतो. म्हणून समोर काही नवल दिसलं तर ते कसं घडतंय, कोण घडवतंय आणि दुसऱ्याच्या हातात दिलं तरी घडतंय का, एवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि कुणी तुमच्यावर हसलं, तर हसू द्या. वाकून चाकामागं बघायला लाजू नका.